पेटीतला शेवटचा कप्पा

पेटीकाका एकतीस वर्षं दगडांचे रखवालदार होते. हे ते स्वतःच सांगायचे, आणि समोरचा हसला की त्यांना बरं वाटायचं, कारण हसणारा माणूस निदान पुढचं ऐकून घेतो. जमिनीची तपासणी करणाऱ्या एका सरकारी कचेरीमागे पत्र्याचं गोदाम होतं. कुठे धरण बांधायचं असो की पूल, आधी तिथे यंत्राने खोल भोक पाडून पाहायचं, आणि आतून निघालेले दगडाचे दांडके लाकडी पेट्यांमधून या गोदामात यायचे. मनगटाएवढे जाड, गुळगुळीत दांडके. पेटीला लांबट कप्पे. एका भोकाची एक पेटी, प्रत्येक थराचं एकेक दांडकं: पहिल्या कप्प्यात वरचा दगड, शेवटच्यात तळाचा. दांडके क्रमाने लावायचे, कप्प्याच्या काठावर ब्रशने फूट लिहायचे आणि कुणी मागितली की पेटी काढून द्यायची, एवढंच काम. पेटीकाकांचं अक्षर छापल्यासारखं होतं. एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही दांडकं इकडचं तिकडे झालं नाही.

साहेब लोक यायचे, पेटीवर वाकून आपसात बोलायचे, आणि काका झाकण धरून बाजूला उभे राहायचे. तुम्हाला काय वाटतं असं त्यांना एकदाही कुणी विचारलं नाही. त्यांना तर पुष्कळ वाटत होतं. काळा दगड कुठला अभंग आहे, कुठला भेगाळलाय, दोन काळ्या थरांमध्ये लाल मातीचा घट्ट पट्टा का येतो, हे सगळं त्यांनी ऐकून ऐकून पाठ केलं होतं. लाल पट्ट्याबद्दल एक म्हातारे साहेब म्हणाले होते, "ही म्हणजे परातीचा तळ. वरचं पाणी हिच्यावर येऊन थांबतं." काकांनी ते वाक्य घरी येऊन वहीत उतरवलं होतं. वही पुढे कुठे गेली कोण जाणे, वाक्य मात्र डोक्यात राहिलं. राहून काय उपयोग झाला, ते पुढे येईलच.

निवृत्तीच्या वर्षी कचेरीने गोदाम रिकामं करायला काढलं. पेट्या खड्ड्यात भर म्हणून टाकणार होते. काकांनी त्यातली एक वाचवली आणि हातगाडीवर घालून घरी आणली. काकूंनी दारातच कपाळाला हात लावला. "लोक निवृत्त होताना घड्याळ आणतात, शाल आणतात. तुम्ही दगड आणलेत?"

"आपल्या मागच्या टेकडीवरची पेटी आहे ही," काका म्हणाले. "आपल्या घराखाली काय आहे ते या पेटीत आहे."

काकूंनी ती पलंगाखाली सरकवली. पुढची चार वर्षं केरसुणी तिला अडखळत राहिली.

घर गावाच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी होतं. दोन खोल्या, मागे परसात धुण्याचा दगड आणि एक पेरूचं झाड. गल्लीत नळ होते, पण नळाचं पाणी चढावर येईपर्यंत दमून जायचं. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा, तेव्हा कोपऱ्यावर बादल्यांची आणि भांडणांची एकच रांग लागायची. काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्या रांगेत उभ्या राहू शकत नव्हत्या, आणि काका उभे राहिले तरी कुणालाही "तुम्ही आधी घ्या" म्हणायचे, त्यामुळे रिकाम्या हातांनी परत यायचे.

त्यांचं घर चाललं होतं ते शेजारच्या रंगारीणबाईंच्या विहिरीवर. बाई पन्नाशीच्या, एकट्या. लोकांचे विटलेले कपडे, पडदे, सुताच्या लडी रंगवून द्यायच्या. परसात तीन मोठे हंडे चुलाण्यांवर चढवलेले, दोऱ्यांवर ठिबकणारे कपडे, आणि कोपरापर्यंत कायमचे निळे झालेले हात. सासऱ्याने खणलेली ती जुनी विहीर पन्नास फुटांची होती. पोहऱ्याच्या दोराला बाईंनी दर काही हातांवर एकेक रंगीत चिंधी बांधली होती. पोहऱ्याकडून आधी पिवळी, मग हिरवी, निळी, जांभळी आणि सगळ्यात शेवटी काळी. पोहरा पाण्याला टेकला की हातात कुठली चिंधी आहे ते बघायचं. "आज हिरवीवर आहे," असं बाई सांगायच्या, आणि गल्लीला कळायचं की काळजीचं कारण नाही. काळीपर्यंत पाणी उतरलेलं सासऱ्यानेही पाहिलं नव्हतं.

रोज सकाळी काकांची बादली विहिरीच्या कठड्यावर असायची आणि बाई ती दोनदा भरून द्यायच्या. कधी चेहऱ्यावर आठी नाही. पण एका सकाळी काकूंनी भिंतीवरून पाहिलं, बाई एका हंड्यात नेहमीच्या निम्म्याच पाण्यात पडदे पिळत होत्या.

"माझ्याच्याने आता ते पाणी पिववत नाही," काकू म्हणाल्या. "तिची भाकरी पाण्यातून निघते आणि आपण तिच्या भाकरीतून उचलतो. ती बोलत नाही म्हणून आपल्याला लाज नाही का?"

ती लाज काकांनाही होतीच, बोलून दाखवली नव्हती इतकंच. त्या आठवड्यात त्यांनी बोअर मारून घ्यायचं ठरवलं.

बोअर मारणारे तीन ठेकेदार येऊन गेले. पहिला झाडाची दुबेळकी फांदी दोन्ही हातांत धरून परसात फिरला आणि पेरूच्या बुंध्याशी ती आपोआप खाली वाकली. काकांनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावला. दुसऱ्याने जागा न पाहताच फोनवर सांगितलं की तुमच्याकडे पाणी शंभर टक्के आहे. तिसरा जाडजूड, सतत घाम पुसणारा गृहस्थ होता. त्याने परस पाहिलं, टेकडी पाहिली, शेजारची विहीर वाकून पाहिली आणि म्हणाला, "काका, खरं सांगू? पाण्याची खात्री कुणाच्या बापाला देता येत नाही. मी भोकाची देतो. भोक सरळ असेल."

काकांना हा माणूस एकदम पटला. त्यांनी पलंगाखालून पेटी ओढून काढली. ठेकेदार उकिडवा बसला. काका एकेक कप्पा बोटाने दाखवत गेले: हा मुरूम, हा भेगाळ काळा दगड, सत्तर फुटांवर हा लाल थर, त्याच्याखाली सव्वादोनशे फूट अभंग काळा, आणि शेवटच्या कप्प्यात, तीनशेवर, हा फुटका दगड. मुठीएवढे तुकडे, त्यांच्यावर गंजासारखे तांबूस डाग.

"डाग बघा," काका म्हणाले. "पाणी वाहिल्याशिवाय असे डाग पडत नाहीत. खरा साठा इथे आहे."

"तुम्ही शिकलेले," ठेकेदार घाम पुसत म्हणाला. "आम्ही आपले वरून भोक पाडणारे."

एकतीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. ठेकेदार गेल्यावर काकांनी पेटीचं झाकण लावलंच नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून ते शेवटचा कप्पा दाखवत राहिले. रंगारीणबाईंनाही दाखवला. बाईंनी निळ्या बोटांनी एक तुकडा उचलून उजेडात धरला, म्हणाल्या, "बघा की, किती खोलवरचं गुपित तुमच्या पलंगाखाली!"

बोअरची गाडी आली त्या सकाळी सगळी गल्ली भिंतीवर चढून बसली होती. गाडी म्हणजे दोन ट्रक, एकावर मनोरा आणि दुसऱ्यावर कॉम्प्रेसर. यंत्र चालवणारा वस्ताद काळासावळा, कमी बोलणारा, कानात कापूस घातलेला. पद्धत अशी, की वीस फुटांचा एक रॉड आत गेला की भोकातून उडालेल्या भुकटीचा एक ढीग बाजूला ओढायचा, मग पुढचा रॉड, पुढचा ढीग. ढिगांची रांग पाहिली की जमीन कळते. काकांनी आदल्या रात्रीच चिठ्ठ्या तयार करून ठेवल्या होत्या. प्रत्येक ढिगावर ते फूट लिहिलेली चिठ्ठी ठेवायचे आणि तिच्यावर खडा. गल्लीतले लोक ढिगांपाशी येऊन चिठ्ठ्या वाचत होते, माना डोलावत होते. काकांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मुरमात लोखंडी पाइप बसवून झाला. तिसरा ढीग ओला आला. चौथ्या रॉडला, साठ-बासष्ट फुटांवर, भोकातून धुळीऐवजी गढूळ पाणी उडालं आणि भिंतीवरच्यांनी आरडाओरडा केला. वस्तादने यंत्र थोपवलं. त्याने भोकाशी वाकून पाहिलं, हाताने काहीतरी मापलं आणि काकांना बाजूला बोलावलं.

"अर्धा इंच पाणी आहे. दोन माणसांना बारा महिने पुरतंय. आणि आता भुकटीला लालसर झाक यायला लागलीय. लाल लागली की थांबावं, असं मला शिकवणारा म्हणायचा. इथंच थांबू या."

"अर्धा इंच?" काका हसले. "अहो, हे वरवरचं पाणी. उन्हाळ्यात गायब होईल. खाली तीनशेला साठा आहे. पेटी आहे माझ्याकडे."

खिडकीतून काकूंनी हाक मारली, "अहो, पुरेल म्हणतोय ना तो? थांबा की."

काकांनी मागे न बघता हात हलवला. गल्ली बघत होती. लाल थर म्हणजे परातीचा तळ, हे त्यांना त्या क्षणीही माहीत होतं. विसरले असते तर निदान तेवढी पळवाट राहिली असती. पण त्यांच्या डोळ्यांसमोर तो शेवटचा कप्पा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या शब्दासाठी यंत्र थांबवून उभं होतं.

"जाऊ द्या खाली," काका म्हणाले.

वस्तादने खांदे उडवले आणि कानातला कापूस नीट केला.

लाल ढीग आला. मग काळे, एकासारखे एक ढीग, आणि वरून सोबत आलेलं ते अर्धा इंच पाणी. दुपार झाली, गल्ली जेवायला गेली आणि परत आली. पंधरावा रॉड निम्मा गेला आणि एकाएकी सगळं बंद झालं. यंत्र चालू होतं, कॉम्प्रेसर ओरडत होता, पण भोकातून ना धूळ येत होती, ना पाणी. हवा खालीच कुठेतरी जिरत होती. वस्तादने यंत्र बंद केलं. त्या शांततेत भोकातून खूप खोलवरून पाणी पडल्याचा बारीक आवाज आला, आणि थोड्या वेळाने तोही थांबला.

"लागला फुटका दगड," वस्ताद म्हणाला. "तुमची पेटी खरी आहे. पण पोकळ आहे हो. वरचं पाणी खाली गेलं."

"भरेल," काका म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत भरेल. झरे मोकळे व्हायला वेळ लागतो."

रंगारीणबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "भरणारच! काका म्हणतायत म्हणजे भरणार."

सकाळी काकांनी दोरीला खडा बांधून सोडला. दोरी संपत आली आणि खाली खट्ट असा कोरडा आवाज झाला. दुसऱ्या दिवशीही खट्ट. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोरी सोडलीच नाही. पेटीचा शेवटचा कप्पा उघडून ते तांबूस डागांकडे बघत बसले. पाणी इथून जातं, एवढंच ते डाग सांगत होते. जातं कुठे आणि थांबतं का, हे विचारायचं राहून गेलं होतं. काकूंनी चहा आणून ठेवला.

बोअर कोरडा गेला, गल्लीने दोन दिवस हळहळ केली आणि विषय संपला. काकांची बादली पुन्हा बाईंच्या कठड्यावर गेली. पाचव्या दिवशी बाई पोहरा सोडताना सहज म्हणाल्या, "यंदा लवकरच उतरलं. निळीवर आलं बघा."

काकांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीच्या या बाजूला विहीर, त्या बाजूला भोक, मध्ये वीस पावलं. एकच भेगाळ दगड, एकच परात. आणि परातीच्या तळाला त्यांनी इस्त्रीचा शर्ट घालून भोक पाडलं होतं.

दहाव्या दिवशी पाणी जांभळीवर होतं. बाई आभाळाला नावं ठेवत होत्या. "मेलं वर्षच कोरडं," असं म्हणून त्या काकांची बादली भरत होत्या, आणि काका ती उचलून निघत होते. घरी येऊन त्यांनी काकूंना सांगितलं. सगळं, पेटीसकट.

काकूंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "तिला सांगा."

"सांगतो. आधी बुजवून बघतो. पाणी परत चढलं की सांगतो."

"म्हणजे गुन्हा निस्तरल्यावर कबूल करणार?"

काकांनी ठेकेदाराला फोन लावला. तिकडून आधी हसण्याचा आवाज आला. "बुजवायचं? काका, वीस वर्षं या धंद्यात आहे, भोक बुजवायला कुणी बोलावलं नाही. वर दगड ठेवा आणि विसरा." काकांनी लाल थराचं समजावून सांगायला सुरुवात केली, पण त्याची गाडी कुठल्याशा घाटात अडकली होती, त्याने फोन ठेवला.

मग काका स्वतःच लागले. त्यांना एकच काम येत होतं, जिथलं दांडकं तिथल्या कप्प्यात ठेवायचं. ढिगांवरच्या चिठ्ठ्या अजून होत्या. शेवटच्या ढिगापासून सुरुवात करून ते उलट क्रमाने घमेल्याने भुकटी भोकात ओतू लागले. फुटक्या दगडाने आधी पुष्कळ गिळली, तेव्हा टेकडीवरून मुरूम आणून घातला. रोज संध्याकाळी खडा सोडून पाहायचं, किती वर आलं. काकू उभं राहवत नाही म्हणून पाटावर बसून चाळण धरायच्या. लाल ढीग त्यांनी वेगळा जपून ठेवला होता. तो पाण्यात मळून काकूंनी त्याचे लाडवाएवढे गोळे केले, आणि सत्तर फुटांवर, जिथून तो थर निघाला होता बरोबर तिथेच, ते गोळे एकेक करून सोडले.

"भोक पाडताना सगळी गल्ली होती," काकू म्हणाल्या. "बुजवायला आपण दोघं."

गल्लीने विचारलं तेव्हा काकांनी सांगितलं, एखादं पोर पडेल म्हणून बुजवतोय. लोकांना ते पटलं. रंगारीणबाई तर म्हणाल्या, "किती विचार करता हो दुसऱ्याचा." त्या रात्री काकांना जेवण गेलं नाही.

काम संपायला सव्वीस दिवस लागले. तोवर विहिरीत पोहरा काळीपर्यंत सोडला तरी टेकत नव्हता. बाईंनी तीनपैकी दोन हंडे उपडे घातले. आलेले कपडे परत पाठवताना त्या लोकांना म्हणायच्या, "पंधरा दिवसांनी या." आणि त्यातूनही, विहिरीत उतरून तळाला साचलेलं गढूळ पाणी पळीपळीने पोहऱ्यात घेऊन त्या काकूंसाठी एक कळशी बाजूला काढायच्या, कारण ऑपरेशन झालेलं माणूस आहे. काका ती कळशी घेऊन येताना भिंतीला धरून चालायचे.

आणि मग एका सकाळी बाईंची हाक आली. "काका! काळीवर टेकला! काल टेकत नव्हता!"

काका धावत गेले. खरंच, दोर ओला होता, काळी चिंधी बाईंच्या मुठीत होती. हातभर पाणी चढलं होतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बाई हसल्या, "अहो, विहीर माझी, रडताय तुम्ही." तेव्हाच सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. पण काकांनी मनाशी ठरवलं, जांभळीवर येऊ दे. एवढं जांभळीवर आलं की सांगू. पेटीकाकांच्या आयुष्यातली ही दुसरी मोठी चूक, आणि ही करताना बघायला गल्लीसुद्धा नव्हती.

चौथ्या दिवशी काकूंना खुबा दाखवायला मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. सकाळी निघाले ते रांगेत बसून, फोटो काढून, औषधं घेऊन तीन वाजता परतले. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी आली आणि काकूंनी काकांचा दंड घट्ट धरला. कॉम्प्रेसरचा आवाज येत होता.

बाईंच्या परसात मनोरा उभा होता. हंडे भिंतीकडे सरकवले होते, कपडे वाळवायच्या दोऱ्या सोडून टाकल्या होत्या, आणि विहिरीपासून पाच पावलांवर वस्ताद कानात कापूस घालून उभा होता. पाठीमागे ढिगांची रांग. या ढिगांवर चिठ्ठ्या नव्हत्या. काकांनी दारातूनच मोजले. चौथा लाल. लालच्या पुढे दहा काळे.

बाईंनी त्यांना पाहिलं आणि चेहरा उजळून त्या जवळ आल्या. आवाजावर मात करायला त्या काकांच्या कानाशी ओरडल्या, "सकाळी तुमच्याकडे आले होते विचारायला, कुलूप होतं! ठेकेदार म्हणाला, गाडी जवळच आहे, आज नाही तर मग दोन महिन्यांनी! काळीवरच्या पाण्यावर काय हंडे चढणार, काका? म्हटलं, तुमची पेटी तर ठाऊक आहे. तुमच्या भोकाला नशीब नव्हतं, माझ्या भोकाला असेल!" आणि त्यांनी निळी तीन बोटं वर केली. तीनशे.

"बाई, थांबवा!" काका ओरडले. "थांबवा ते!"

"काय?"

"थांबवा!"

बाईंना वाटलं, ते आनंदाने ओरडतायत. त्यांनी मान डोलावली. काका ढिगांवरून धडपडत वस्तादपाशी गेले आणि त्याची बाही ओढली. वस्तादने एका कानातला कापूस काढला. काका काय म्हणतात ते त्याने ऐकलं, रॉडकडे पाहिलं आणि मग काकांकडे. त्याच्या नजरेत राग नव्हता, कीव होती, आणि ती सोसणं जास्त अवघड होतं.

"लाल तर अकरा वाजताच गेली, काका," तो म्हणाला. "मी बाईंना म्हटलं होतं थांबू या. त्या म्हणाल्या, पेटीकाका सांगतात खाली साठा आहे. खाली भेगा लागायला लागल्यात, पाणी त्यांत उतरतंच आहे; आता थांबून नुसतं कोरडं भोक राहील. खाली काही निघालं तर निघालं."

तो तरी आणखी काय करणार? पंधरावा रॉड चढला. काका उपड्या हंड्यावर बसले. बाई भोकाशी उभ्या होत्या, हात पदराखाली, एखाद्या परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तशा. भिंतीपलीकडे काकू स्वतःच्या दारात काठी धरून उभ्या होत्या, आत गेल्या नव्हत्या.

रॉड निम्मा गेला आणि धूळ बंद झाली.

वस्तादने यंत्र थांबवलं. शांतता झाली तेव्हा दोन आवाज आले. एक भोकातून, खूप खालून, पाणी पडल्याचा. तो काकांच्या ओळखीचा होता. दुसरा विहिरीतून, बारीक, भेगांमधून पाणी ओढलं जाताना होतो तसा. बाई विहिरीकडे वळल्या. त्यांनी दोर सोडला. पिवळी गेली, हिरवी गेली, निळी, जांभळी, काळी गेली, दोराचं टोक हाताशी आलं. पोहरा दगडावर आपटला.

"सकाळपर्यंत भरेल ना?" बाईंनी वळून विचारलं. "तुम्ही म्हणाला होतात ना काका, झरे मोकळे व्हायला वेळ लागतो म्हणून?"

"नाही," काका म्हणाले.

आणि मग उपड्या हंड्यावर बसल्या बसल्याच त्यांनी सगळं सांगितलं. परातीचा तळ, अर्धा इंच पाणी, वस्तादचं म्हणणं, भिंतीवर बसलेली गल्ली, लाल मातीचे गोळे, एखादं पोर पडेल ही थाप. विहिरीत हातभर पाणी का चढलं होतं तेही सांगितलं. वस्ताद आणि त्याची माणसं रॉड काढत होती, लोखंडावर लोखंड आपटत होतं, आणि दर आपटण्याला काकांना थांबावं लागत होतं. बाई पोहरा वर ओढत होत्या आणि दोराची गुंडाळी करत होत्या.

काकांचं बोलणं संपलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे काळीवर आलं त्या दिवशी तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"त्या दिवशी सांगितलं असतं, तर आज मी ही गाडी आणली नसती."

"नसती आणली."

बाईंनी मान हलवली, एखादा रंग नीट चढला नाही की हलवायच्या तशी. त्यांनी दोराची गुंडाळी कठड्यावर ठेवली. तिथेच काकांची बादली होती, सकाळी दवाखान्यात जायच्या गडबडीत न्यायची राहिलेली. ती त्यांनी उचलली, पदराने आतून पुसली आणि काकांच्या हातात दिली.

"ही तुमची बादली," त्या म्हणाल्या. "घरी ठेवा."

काका फाटकातून बाहेर पडले आणि स्वतःच्या दारात आले. काकूंनी बादलीत वाकून पाहिलं नाही. त्यांनी ती त्यांच्या हातातून घेतली, आत नेली आणि पलंगाखाली, पेटीच्या शेजारी सरकवून ठेवली.